आधार कार्डं आजच परत दे

चि. बाळू,

फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि पुढे काही होत नाही, म्हणून पत्र लिहितोय. रविवारी आळंदीला भोसरीचे दाजी भेटले. म्हणाले, “बाळूनं शेडवरच्या बिहारी पोरांची आधार कार्डं कपाटात घालून ठेवलीत, एक पगारही मागे ठेवलाय. छठला कुणी हलायला नको म्हणून.” खोटं असेल तर लगेच कळव, दाजींना मी खडसावतो. खरं असेल तर पत्र खाली ठेव आणि आधी कपाट उघड.

तुझी अडचण मला दिसत नाही असं समजू नकोस. दिवाळीच्या अमावस्येनंतर सहाव्या दिवशी छठ. तोवर खराबवाडी, नाणेकरवाडीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागतात. दानापूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. होळीला तेच, लगीनसराईत तेच, गावाकडे निवडणूक लागली की तेच. इकडे कंपनीचं शेड्यूल कुणासाठी थांबत नाही. माल चुकला की लाइन अडते आणि पैसे तुझ्या बिलातून कापले जातात. शेजारचा गाळेवाला हजार-दोन हजार जास्त टाकून ऑपरेटर फोडतो, तेही ऐकलंय. पण कार्ड अडकवलेला माणूस मनाने तुझ्याकडे राहील का? तो दिवस मोजत राहतो. आणि गावी गेल्यावर तुझं नाव चारचौघांत सांगतो. त्या गावातून मग दुसरं पोरगं तुझ्या दारात येत नाही.

आईच्या लग्नाच्या फोटोत मामा का नाही, असं तू लहानपणी विचारायचास. मी टाळायचो. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून हात सोलून निघाले, त्यानंतर काही वर्षांनी मी माणहून इकडे आलो. भोसरीत एका शेडमध्ये हेल्पर होतो. लग्नाची तारीख कळली तेव्हा मालकाकडे माझा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. ‘गेलास तर पैसे विसर’ म्हणाला. मी थांबलो. कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला. आक्कानं मला एका शब्दानं कधी विचारलं नाही, आणि तेच मला आजही लागतं. पैसे सोडून जायला हवं होतं. ते शेड मी नंतर वर्षभरातच सोडलं, हेही लक्षात घे. आज तुझ्या कपाटात कुणाच्या तरी बहिणीचं लग्न अडकलेलं असेल, बाळू.

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत हातात पडला पाहिजे, हे १९३६च्या कायद्यापासून चालत आलंय. ओव्हरटाइम दुप्पट दराने. पीएफ कापतोस तर भरलेला त्यांना मोबाइलवर दाखव. ईएसआयचं कार्ड प्रत्येकाकडे असू दे. पोरगं आजारी पडलं तर मोहननगरचं हॉस्पिटल आहे हे त्याच्या बायकोला माहीत हवं.

आणि छठची तयारी छठच्या आठवड्यात होत नसते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. त्याच्याही आधी पोरांना बसवून विचार, कोण कधी जाणार, कधी येणार. दोन तुकड्या पाड. एक छठला, दुसरी होळीला. जाण्याबरोबर येण्याचंही तिकीट तूच काढून दे. कंपनीच्या पर्चेसवाल्याला तेव्हाच सांगून पंधरा दिवसांचा माल पुढे करून ठेव. प्रत्येक मशीनवर दोन माणसं तयार हवीत. खेडच्या आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून घे आणि वर्षभर शिकव, ऐन गर्दीत नको.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. माणूस कमी पडला म्हणून नवख्या पोराला पॉवर प्रेसवर बसवू नकोस. दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत ना, त्यातलं एक बांधून ठेवून कुणी स्ट्रोक वाढवत असेल तर ती मशीन बंद कर. पीस काढायला हात आत जातो आणि स्लाइड खाली येते. क्षणाचं काम. या पट्ट्यात दोन बोटं नसलेले किती हात मी पाहिले! ऑर्डर गेली तर पुन्हा येईल.

फार बोललो. तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे म्हणूनच बोललो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये नाशिक हायवेने माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली होती, तेव्हा तुझ्या शेडला काम नव्हतं, तरी तू खोल्यांवर तांदूळ-डाळ पोचवत होतास. श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा पोरांना स्टेशनपर्यंत सोडायची सोय केलीस. तो छपऱ्याचा पोरगा दिवाळीआधी आपणहून परत आला, पुतण्याला घेऊन. त्याचं कार्डही आता त्या कपाटातच असेल का, या विचाराने मला काल झोप नाही.

बँकेचा हप्ता तटला असेल, म्हणून पगार राहिला असेल, तर तसं सांग. गावच्या घराच्या पत्र्यांसाठी ठेवलेले पैसे माझ्याकडे आहेत. पत्रे एक पावसाळा थांबतील. छठच्या आठवड्यात मी येऊन शेडवर बसतो. डाय लावायला आता कंबर साथ देत नाही, पण गेज लावून पीस तपासता येतात, गेटपासही लिहिता येतो. तू तेवढा वेळ घरी जाऊन जेव. आक्का म्हणत होती, तू दुपारी वडापाववर भागवतोस आणि रात्री उठून बसतोस. एवढं ओझं एकट्याने वाहू नकोस रे. मी आहे.

तुझा,
मामा