शाळेची बस थांबते तेव्हा

शाळेच्या प्रवासात पालकांचे लक्ष असते वाहनाच्या वेगाकडे. चढण्या-उतरण्याच्या अर्ध्या मिनिटाकडे फारसे कुणी पाहत नाही. खरा घात तिथे होतो. उंच बसच्या चालकाला बसच्या अगदी पुढचा आणि डाव्या चाकालगतचा रस्ता जागेवरून दिसत नाही. पहिली-दुसरीतले मूल तिथे वाकले, तर चालकाच्या लेखी रस्ता मोकळाच असतो.

प्रस्तुत लेखकाच्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. ती दुसरीत होती. थांब्यावर उतरताना पाण्याची बाटली हातातून निसटून पुढच्या चाकाकडे घरंगळली आणि ती उचलायला मुलगी वाकली. बसमधल्या मदतनीस मावशी त्या दिवशी रजेवर होत्या, बदली कुणी दिले नव्हते. दाराशी कुणी नाही असे आरशात पाहून चालकाने बस पुढे घेतली. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने ओरडत येऊन पत्र्यावर थापा मारल्या तेव्हा बस थांबली. तोवर चाक पावलाला लागले होते. हाड मोडले, प्लास्टर निघेपर्यंत पाऊस सुरू झाला.

चालकाला बोल लावून हा प्रश्न सुटत नाही. मदतनीस नसेल तर बस निघताच कामा नये. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत शाळेची बस वजिराबाद पुलावरून यमुनेत कोसळली आणि २८ मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसचालकाला अवजड वाहनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा आणि बसमध्ये जबाबदार माणूस हवा, असे बजावले. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांतही मदतनीस बंधनकारक आहे. त्याने आधी स्वतः खाली उतरावे, मुलांना हाताला धरून उतरवावे आणि ती बाजूला गेल्याचे पाहूनच चालकाला इशारा द्यावा.

मुलांना दोन गोष्टी घोकून घेतल्यासारख्या पक्क्या करून द्याव्यात. वस्तू कितीही आवडीची असो, बसजवळ पडली तर उचलायची नाही, मावशींना सांगायचे. आणि उतरल्यावर बसपासून लांब जायचे, बस निघून गेल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. मोठ्यांनीही एक पथ्य पाळावे: समोरच्या बाजूला उभे राहून मुलाला हाक मारू नये. आजोबा दिसले की मूल धावत सुटते, मधला रस्ता त्याच्या ध्यानातही राहत नाही. घ्यायला येणाऱ्याने बस थांबते त्याच बाजूला उभे राहावे.

शाळा सुटताना फाटकापाशी होणाऱ्या गर्दीला बहुतांशी पालकांच्याच गाड्या कारण असतात. मागे येणाऱ्या चारचाकीमागून लहान मुले वाट काढत जातात. इयत्तांनुसार दहा-दहा मिनिटांच्या अंतराने शाळा सोडली आणि फाटकासमोर गाड्या लावू दिल्या नाहीत, तर बराच फरक पडतो. रस्त्यावर गतिरोधक आणि ठळक झेब्रा पट्टे हवेत. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते, ताशी ३० चे सुमारे ८. चालकाचा पाय ब्रेककडे जाईपर्यंत तेवढे अंतर सरलेले असते.

दुचाकीवर ४ वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेटसह सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल ब्रेक लागताच हँडलवर आदळते. ही सवय मोडलीच पाहिजे. हेल्मेट मुलाच्या मापाचे हवे, बाबांचे नको. नववी-दहावीच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम १९९ अ वाचावे: पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

शाळेच्या बसबाबतचे हे सारे तपासायला प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, असे २०११ चेच नियम सांगतात. समितीत पालकांचा प्रतिनिधी असतो. त्याने बैठकीत थेट विचारावे: मदतनीस रजेवर गेला तर बदली कोण? बसचे योग्यता प्रमाणपत्र कधी संपते? चालकाचा परवाना कुणी पाहिला? थांबे कुणी ठरवले? उत्तरे लेखी घ्यावीत आणि समाधान झाले नाही तर आरटीओकडे तक्रार करावी. अपघात झालाच, तर १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चे संरक्षण आहे, हे थांब्याजवळच्या दुकानदारांनाही सांगून ठेवावे.