गिअरच्या सायकलीचे आउटर : निवड आणि निगा

सायकल हे साधे वाहन आहे असे आपण सहज म्हणून जातो. दोन चाके, एक साखळी, दोन ब्रेक. बिघाड झालाच तर कोपऱ्यावरचा सायकलवाला घटकाभरात तो काढून देतो. परंतु डोंगरउताराची, एकवीस गिअरची सायकल आपल्याकडे आली आणि या साधेपणाला एक नाजूक अंग जडले. आज उपनगरातील कोणत्याही इमारतीच्या जिन्याखाली पाहावे, तेथे अशी एखादी सायकल धूळ खात पडलेली आढळते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "गिअर लागत नाही. नवा बसवायचा तर खर्च फार."

पुष्कळदा दोष त्या महागड्या गिअरचा नसतोच. तो असतो शिफ्टरपासून गिअरपर्यंत जाणाऱ्या तारेच्या काळ्या आवरणाचा, ज्याला सायकलवाले 'आउटर' म्हणतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातलाच हा प्रकार. हे आउटर कसे ओळखावे, कोणते निवडावे आणि चुकीचे निवडले तर काय ओढवते, याची माहिती देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरे आणि पाऊस

या विषयाचा अभ्यास करण्यास आरे कॉलनीसारखी दुसरी जागा नाही. १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस ही दूध वसाहत उभी राहिली, ती शहरातील म्हशींचे गोठे बाहेर नेण्यासाठी. आज तिच्या चढउताराच्या रस्त्यावर पहाटे सायकलस्वारांची रांग लागते, आणि तेथील पाड्यांतील मुले जुन्या, हातोहात आलेल्या गिअरच्या सायकलींवरून शाळा-कॉलेज गाठतात. पहिल्यांची ती हौस, दुसऱ्यांची ती गरज. चिखल मात्र दोघांनाही सारखाच.

मुंबईच्या उपनगरांत पावसाच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आरेतील पायवाटांवर लाल माती, पालापाचोळा आणि गोठ्यांजवळचे शेणपाणी यांचा जो लगदा होतो, तो मागच्या चाकाने उडून थेट मागच्या गिअरवर बसतो. तेथे आउटरचे शेवटचे वळण असते. पाणी उताराकडे धावते, तसे ते आउटरच्या तोंडातून शिरून या वळणाच्या तळाशी साचते. पावसाळा संपता संपता आतली तार गंजते आणि गिअर हट्टी होतो.

आवरणाचे कार्य

आवरण म्हटले की ते केवळ तारेच्या रक्षणासाठी असावे, असा आपला समज होतो. तो अपुरा आहे. अर्नेस्ट बोडेन याने १८९६ साली या रचनेचे पेटंट घेतले. तिचे तत्त्व असे, की आतली तार ओढते तेव्हा बाहेरचे आवरण तितक्याच जोराने दाबले जाते. आवरण जर दबून आखूड झाले, तर हाताने दिलेली ओढ वाटेतच जिरते. म्हणजे आउटर हा तारेचा अंगरखा नसून तिचा जोडीदार आहे.

पूर्वीच्या गिअरमध्ये हे फारसे जाणवत नसे. दांडी थोडी पुढेमागे सरकवून स्वार साखळी आपल्या कानाने बसवीत असे. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने शर्यतीच्या सायकलींसाठी 'टिक्' असा आवाज करून ठराविक अंतरच सरकणारा शिफ्टर बाजारात आणला आणि पुढे तो डोंगरी सायकलींवरही आला. तेव्हापासून अंदाजाची जागा मोजमापाने घेतली.

हे मोजमाप किती बारीक आहे ते पाहू. मागे सात दातेरी चाक्या असल्या तर दोन चाक्यांमधील अंतर सुमारे ५ मिलिमीटर असते. नेहमीच्या रचनेत तार जितकी ओढली जाते त्याच्या सुमारे १.७ पट गिअर सरकतो. म्हणजे एका 'टिक्'ला तार ३ मिलिमीटरही ओढली जात नाही. आता आउटर दबल्यामुळे त्यातील अर्धा मिलिमीटर वाया गेला, तर गिअर सुमारे ०.८५ मिलिमीटरने, म्हणजे दोन चाक्यांमधील अंतराच्या सहाव्या हिश्श्याने, मागे राहतो. साखळी मग एका चाकीवर धड बसत नाही आणि दुसरीवर धड जात नाही. चढावर भर जोर लावला असताना ती अचानक उडी घेते.

आउटरच्या दोन जाती

दुकानात दोन काळी आउटर शेजारी शेजारी टांगलेली असतात आणि वरून ती सारखीच दिसतात. खरा भेद कापलेल्या टोकाकडे पाहिल्यावर कळतो.

ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी पोलादी पट्टी वेटोळी घालून बसवलेली असते. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या खेटून भरल्या तर जसे दिसेल, तशी ही रचना. टोकाने कितीही दाबले तरी बांगड्या एकमेकींवर टेकतात, फुटत नाहीत. मात्र वळण आले की आतल्या बाजूच्या बांगड्या भिडतात व बाहेरच्या बाजूच्या फाकतात, आणि एकूण लांबी किंचित बदलते. ब्रेकला हा किंचित फरक चालतो, गिअरला चालत नाही.

गिअरच्या आउटरमध्ये अनेक बारीक पोलादी तारा लांबीच्या दिशेने, खराट्याच्या हिरांसारख्या, एकमेकींना लागून असतात. त्या आखूड होत नाहीत, म्हणून वळणातही माप टिकते. परंतु खराट्याचे बळ त्याच्या बांधणीत असते. येथे ती बांधणी म्हणजे वरचे प्लॅस्टिक. गिअरच्या तारेची ओढ हलकी असल्यामुळे ते पुरते. ब्रेकची ओढ मात्र कित्येक पटींनी अधिक असते.

येथेच या विषयातील खरा धोका आहे. गिअरच्या जागी ब्रेकचे आउटर घातले तर गिअर बेसूर होतो, एवढेच. उलट ब्रेकच्या जागी गिअरचे आउटर घातले, तर जोराने ब्रेक दाबताच प्लॅस्टिक फाटून हीर बाहेर येऊ शकतात, मूठ हँडलला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. स्वार ब्रेक सर्वाधिक जोराने केव्हा दाबतो? पावसात, उतारावर, समोर कोणी आडवे आले असता. म्हणजे आउटर फुटायचे ते नेमके त्याच क्षणी. ब्रेकसाठी खास मजबूत केलेली उभ्या तारांची आउटरे मिळतात, पण तसा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय उभ्या तारांचे आउटर ब्रेकला कदापि लावू नये.

आधी परीक्षा, मग खरेदी

नवे आउटर घेण्यापूर्वी दोष तेथेच आहे याची खात्री करावी. पहिली खूण अशी : अंगठ्याने जोर लावून साखळी मोठ्या चाकीवर नीट चढते, पण लहान चाकीवर उतरताना रेंगाळते. नेहमीच्या गिअरमध्ये चढताना आपला अंगठा काम करतो आणि उतरताना गिअरची स्प्रिंग. तार अडखळत असेल तर अंगठा तिच्यावर मात करतो, स्प्रिंग करू शकत नाही.

दुसरी परीक्षा हाताची. मागचे चाक उचलून, पेडल फिरवत, साखळी सर्वांत मोठ्या चाकीवर न्यावी. मग पेडल न फिरवता शिफ्टर शेवटपर्यंत सोडत जावे. तार सैल पडेल, आणि फ्रेमवरील आधाराला खाच असल्यास आउटरचे टोक तेथून अलगद सुटेल. आता आउटर तारेवर मागेपुढे सरकवून पाहावे. नवे असताना ते सहज सरकते, खराब झाले असेल तर करकरते किंवा अडते. वळणावर प्लॅस्टिकला भेगा असतील, अथवा टोकाच्या टोपीतून बारीक तारा डोकावत असतील, तर अधिक चौकशीची गरज नाही.

निवड करताना

पहिली गोष्ट, कापलेले टोक पाहावे. उभ्या तारा असतील तरच ते गिअरचे. गिअरचे आउटर बहुधा ४ आणि ब्रेकचे ५ मिलिमीटर जाड असते, परंतु केवळ जाडीवर विसंबू नये. दुसरी, आत प्लॅस्टिकची गुळगुळीत नळी असावी. तार तिच्यातून सरकते. तिसरी, टोप्या आउटरच्या जाडीच्याच घ्याव्यात. आरेसारख्या ठिकाणी शेवटच्या वळणासाठी रबरी अडसर असलेल्या टोप्या मिळाल्यास उत्तम. चौथी, आतली तार गंजली किंवा तिचे धागे सुटले असतील तर तीही बदलावी. ती गिअरची, सुमारे १.२ मिलिमीटरची व न गंजणाऱ्या पोलादाची असावी. ब्रेकची जाड तार येथे उपयोगाची नाही.

बऱ्याच सायकलींवर आउटर तुकड्यांत असते आणि मधली तार उघडी. असा प्रत्येक तुकडा म्हणजे चिखलाला दोन दारे. फ्रेमवर सोय असेल तर शिफ्टरपासून गिअरपर्यंत सलग आउटर घातल्याने ही दारे कमी होतात, मात्र घर्षण थोडे वाढते. पैसे बेताचे असतील तर केवळ मागचा शेवटचा तुकडा दर पावसाळ्यानंतर बदलावा. सर्वाधिक घाण तेथेच साचते आणि तो तुकडा वीतभराहून फारसा मोठा नसतो.

कापणी आणि जोडणी

चांगले आउटर वाईट कापले तर ते वाईटच ठरते. साध्या पकडीने टोक चेपते, म्हणून तारा कापण्याचे धारदार कटर वापरावे. टोक कानशीने सपाट करावे आणि आतल्या नळीचे दबलेले तोंड दाभणाने गोल उघडावे. लांबी जुन्या तुकड्याइतकी धरावी. पण हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवून पाहावे. आउटर ताणले जात असेल तर ते आखूड, आणि उगाच वेलांटी घेत असेल तर लांब. मागचे वळण मोकळे व गोलसर हवे. आत जाड ग्रीस भरू नये, ते मातीचे कण धरून ठेवते. हलक्या तेलाचे एकदोन थेंब पुरतात.

उपसंहार

अनेक दुकानांत एकाच गुंडाळीतून सर्व आउटरे कापली जातात. त्यात कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हात साध्या सायकलीवर घडला, आणि तेथे ब्रेकच्या आउटरावाचून दुसरे लागतच नव्हते. गिऱ्हाईकाने "टोक दाखवा, तारा उभ्या आहेत ना?" एवढे विचारले, तरी दोघांचेही काम नीट होईल. आपण कला शाखेचे विद्यार्थी शब्दांतील बारीक भेद शोधण्यात वर्षे घालवतो. तशीच नजर एका काळ्या नळीच्या टोकाकडे वळवली, तर जिन्याखालची सायकल पुन्हा रस्त्यावर येईल, पाड्यावरचा एखादा मुलगा वेळेवर वर्गात पोहोचेल आणि पावसातल्या उतारावर ब्रेक दाबताच तो लागेल.