सही म्हणजे संमती नव्हे



बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची सरकारी पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा झाला आकडा. पण ऑपरेशन करायला कोणी सांगितलं, का सांगितलं, हे ती बाईच सांगू शकते. असे अनुभव मुलाखतीतून समजून घेणं म्हणजे गुणात्मक संशोधन.

आता समजा, असा अभ्यास करायला कोणी आपल्या जिंतूर तालुक्यात, येलदरीला आलं आणि शाळेत येऊन म्हणालं, "सर, जरा बायका गोळा करून द्या." इथंच थांबून विचार करावा. जिचं लेकरू आपल्या वर्गात आहे, ती आपल्याला 'नाही' कसं म्हणेल? मुकादमाने बोलावलं तरी तेच. म्हणून निरोप द्यावा, आग्रह करू नये.

संमती कधी खरी?
१) अभ्यास कशासाठी, हे तिच्या बोलीत सांगितलं असेल तर.
२) नकार दिला तरी उपचार किंवा योजना बंद होणार नाही, हे तिला कळलं असेल तर.
३) मध्येच उठून जाता येत असेल तर.
४) आवाज रेकॉर्ड करण्याआधी वेगळं विचारलं असेल तर.
नुसता अंगठा घेतला म्हणजे झालं, असं नाही.

गोपनीयतेचंही तसंच. नाव बदललं, पण 'धरणाजवळची, तीन मुलींची आई, गर्भाशय काढलेली' असं छापलं, तर गावाला ओळखायला किती वेळ लागेल? गटचर्चेत तर ऐकणाऱ्या दहाजणी असतात. तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही याची हमी संशोधकही देऊ शकत नाही. खाजगी गोष्ट एकटीलाच, आडोशाला विचारावी. सासू किंवा नवरा शेजारी नको.

शाळेत पाळीविषयी प्रश्नावली आली, तर १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकांची परवानगी हवी आणि मुलीचा स्वतःचा होकारही हवा. कागदावर हजेरी क्रमांक नको. मात्र 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन मुलीला देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तिला आधीच सांगावं.

पुढच्या वेळी कोणी फॉर्म घेऊन आलं, तर एवढंच विचारा: नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का? माहिती कुठं ठेवणार? बाई 'नाही' म्हणाली तर काय कराल?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर निरोपही देऊ नका.