बोनेटखालच्या पट्टीने इंजिन थंड राहते का?

स्पोर्ट्स कारच्या बोनेटखाली, ग्रिल आणि रेडिएटर यांच्यामधली वरची फट झाकायला ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची पट्टी बाजारात वेगळी मिळते. तिचे काम एवढेच, की ग्रिलमधून आत आलेली हवा रेडिएटरच्या वरून निसटू नये. हवा कमी अडथळ्याची वाट धरते. रेडिएटरच्या बारीक फिनमधून घुसण्यापेक्षा मोकळी फट तिला सोपी. फट बुजली तर वेगात धावणाऱ्या गाडीला थोडा फायदा होतो. मात्र अनेक गाड्यांत असे झाकण कंपनीचेच असते. तिथे नवी चकचकीत पट्टी म्हणजे निव्वळ शोभा.

बीड जिल्ह्यात इंजिन तापण्याचे दुखणे बहुधा वेगळेच असते. धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याच्या घाटात अवजड वाहनामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना समोरचा वारा जवळजवळ नसतोच. हवा ओढतो तो पंखा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ओढलेली हवाही तापलेलीच. त्यामुळे पट्टीआधी पंखा आणि त्याभोवतीचे आवरण पाहावे. फिनमध्ये धूळ, कापसाचे तंतू, पाचटाचा चुरा अडकतो. हा कचरा इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवावा; जोराच्या धारेने फिन वाकतात. कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी भरत राहिल्यास नळ्यांत थर साचतो. त्यावर पट्टीचा काही इलाज नाही. रेडिएटरच्या झाकणाचे रबर गेले, की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते. एवढे करूनही तापमानाचा काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप तपासावा.