रात्री अकरानंतरची भूक

परभणीत आता वजनाच्या ऑपरेशनबद्दल लोक मोकळेपणाने विचारतात. शाळेतल्या सहकारी शिक्षिका, जावेची बहीण, वसमत रोडवरच्या ओळखीच्या बाई, कुणाचा ना कुणाचा फोन येतो. खर्च किती आला, पुण्याला करावं की संभाजीनगरला, किती किलो उतरले, हे सगळं मी सांगते. पण त्याआधी मी एक विचारते: घरातली सगळी झोपली की तुम्ही काय खाता? बऱ्याच जणी यावर गप्प होतात. ज्या गप्प होतात त्यांच्याशी मी जास्त वेळ बोलते.

माझं वजन ११२ किलो होतं. शुगर गोळ्यांना दाद देत नव्हती आणि शाळेचा जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. मला ऑपरेशनची गरज होती, आणि ते करून घेतल्याचं मला आजही समाधान आहे. माझं झालं ते स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा पाऊण ते चार पंचमांश भाग काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने खरी भूक लागतच नाही. दुसरा प्रकार बायपासचा. अमेरिकेतल्या आयोवात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली तो सुरू केला. आपल्याकडे हा विषय घराघरांत गेला तो २०११ मध्ये नितीन गडकरींचं मुंबईत ऑपरेशन झालं तेव्हा, आणि पुन्हा २०१७ मध्ये, इजिप्तच्या इमान अहमदला विमानाने मुंबईत आणलं तेव्हा. त्या बातम्यांतून आपल्या मनात राहिले ते किलोचे आकडे.

ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञांचा कागद लागतो. मी गेले त्या रुग्णालयात मला विचारलं गेलं, झोप लागते का, व्यसन आहे का, ऑपरेशनची माहिती समजली का, मनाची तयारी आहे ना. मी दिलेली उत्तरं खरी होती. सही झाली आणि मी बाहेर आले. मी कधी खाते, कोणासोबत खाते, खाण्याआधी काय झालेलं असतं, हे कुणी विचारलं नाही. माझ्यापुरता तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता.

माझी आई लकव्याने अंथरुणाला खिळली होती आणि शेवटची वर्षं माझ्याकडे होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून अनेकदा तिची कूस बदलावी लागे. दिवसभर शाळा, संध्याकाळी लेकरांचा अभ्यास, स्वयंपाक. अकराच्या सुमारास घर शांत झालं की मी स्वयंपाकघरात बसायची. शेंगदाणे-गूळ, तेल-तिखट लावलेली शिळी पोळी, खारी, जे असेल ते. दिवसातला तेवढाच वेळ माझा असायचा. आई गेली, जागरणं संपली, पण अकरा वाजता उठून तिथे जाणं सुटलं नाही. आईसाठी मी नीट रडलेही नव्हते. तेराव्यानंतर लगेच शाळेत हजर झाले होते.

ऑपरेशननंतर पोट भरलेलं असायचं, तरी अकरा वाजता मी स्वयंपाकघरात उभी असायची. पाव पोळीही उतरायची नाही, उलटी व्हायची. मग हळूहळू कळलं की काय उतरतं. आइस्क्रीम, दुधात विरघळलेलं बिस्किट, खीर, तोंडात मऊ होणारी बारीक शेव. मऊ आणि गोड पदार्थ त्या नळीतून सहज खाली जातात, त्यामुळे लहान झालेलं पोटही त्यांना अडवू शकत नाही. वजन उतरायचं थांबलं. त्याहून जड गेलं ते दुसरंच. ज्या गोष्टीच्या आधाराने मी इतकी वर्षं रात्री काढल्या, ती माझ्याकडून गेली होती, आणि त्याचं दुःख करावं असं कुणालाच वाटत नव्हतं. बाया म्हणायच्या, किती छान बारीक झालात मॅडम. गावाकडे सासरच्या गल्लीत वेगळीच कुजबुज, काही मोठं दुखणं तर नाही ना. मी बाथरूमचा नळ सोडून रडायची.

शेवटी परभणीतच एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, अकरा वाजता पूर्वी काय व्हायचं?" मग आईबद्दल बोलणं झालं, बरेच आठवडे झालं. काही महिने गोळ्याही घेतल्या. त्यांनी माझ्या सर्जनशी फोनवर बोलून गोळी ठरवली, कारण या ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, काही औषधं शरीरात शोषली जाण्याचं प्रमाण बदलतं आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा हवा तसा उपयोग होईलच असं नसतं. मनाच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर हे ऑपरेशनच्या आधीच दोन्ही डॉक्टरांना बोलायला लावा. आता रात्री दहा वाजता मी पाथरीच्या बहिणीला फोन लावते. आम्ही आईच्या गोष्टी काढतो. मग मी झोपते.

हे सगळं ऑपरेशनच्या आधी करता आलं असतं, आणि ते सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे. तारीख घेण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता, कोण जवळ होतं आणि त्याआधी काय घडलं, हे लिहा. ती वही मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवा. लपवण्याची फार इच्छा होते, कारण वाटतं की खरं सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील. तसं सहसा होत नाही. ऑपरेशनसाठी आलेल्या लोकांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात १९ टक्के लोकांना नैराश्य होतं आणि १७ टक्क्यांना बेभान होऊन खाण्याचा आजार. यातल्या कुणासाठीही दार बंद नसतं. आधी उपचार, मग ऑपरेशन, एवढाच क्रम बदलतो. जीव द्यावासा वाटत असेल, दारू सुटत नसेल, भास होत असतील तर मात्र थांबायलाच हवं, आणि थांबवणारा डॉक्टर आपल्या भल्याचाच असतो.

घरच्यांची तयारी हा आपल्या भागात फार मोठा विषय आहे. माझं सासर गंगाखेड तालुक्यात. वेळ अमावस्येला सगळं घर शेतात असतं, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वेळ अमावस्येला मी दोन घास खाऊन थांबले तर सासूबाईंचा चेहरा उतरला. "आमच्या हातचं गोड लागंना का आता?" त्यांना दोष कसा देणार? आपल्याकडे माया ताटात वाढूनच दाखवतात. म्हणून तुम्हाला जो माणूस वाढतो त्याला आहारतज्ज्ञांच्या भेटीला सोबत न्या. आधी पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, घास बारीक चावून, जेवताना पाणी नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांत फरक पडतो.

आणि घरात वाढणाऱ्या तुम्हीच असाल तर तारीख बघून घ्या. महालक्ष्म्या, दिवाळी, धोंड्याचा महिना यांच्या तोंडावर ऑपरेशन नको. पंधरा माणसांच्या पुरणपोळ्या लाटायच्या आणि स्वतः वाटीतून डाळीचं पाणी घोट-घोट प्यायचं, हे कुणाच्याही मनावर लादू नये. तेवढे आठवडे दुसऱ्या कुणीतरी चूल सांभाळेल अशी सोय झाली नसेल तर अजून तयारी झालेली नाही असं समजा.

मध्यंतरी एका आईचा फोन आला. मुलीला स्थळं येत नाहीत, जाड आहे म्हणून नकार येतात, ऑपरेशन करून टाकू म्हणतोय. बराच वेळ त्याच बोलत होत्या. मी म्हटलं, ताई, जरा तिच्याकडे फोन द्या. मुलगी म्हणाली, "मावशी, मला शुगर नाही, काही नाही. मला इतक्यात लग्नच करायचं नाही." मी त्या माउलीला स्पष्ट सांगितलं की हे ऑपरेशन नवरदेवासाठी करायचं नसतं. २०२२ पासून जागतिक संघटनांनी आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे, त्यामुळे आकड्यात बसणाऱ्या मुली आता पुष्कळ निघतील. आकड्यात बसली म्हणून तिची इच्छा गृहीत धरू नका. वर्षा-दीड वर्षात वजन सगळ्यात खाली येतं, पुढे थोडं परत चढतं. कातडी लोंबते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतात. हे सगळं त्या मुलीला एकटीला आरशात बघायचं असतं. शिवाय साधारण दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात, हेही लग्नाची घाई करणाऱ्या घरांनी आधी ऐकून घ्यावं.

काळजीची एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या युटा राज्यात बायपास झालेल्या हजारो लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर यांनी होणारे मृत्यू बरेच कमी झाले होते, पण अपघात आणि आत्महत्या यांनी होणारे मृत्यू ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा जास्त होते. २०१२ मधल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की दारूचा त्रास ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी वाढतो, बायपासवाल्यांत अधिक. पहिल्या वर्षी कौतुक असतं, काटा खाली जात असतो, माणूस तरतो. कौतुक संपल्यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. पुरुषमंडळींच्या बायकांना मी हे आवर्जून सांगते, कारण जेवण कमी झालेला नवरा संध्याकाळी कुठे बसतो हे त्यांनाच आधी कळतं. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते.

मदतीसाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सेवा मिळते. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री अकरालाही लागतो. ऑपरेशन बाहेरगावी होणार असेल तर परभणीतला तुमचा माणूस, डॉक्टर असो की समुपदेशक, जाण्याआधी ठरलेला असू द्या. गाडीने रात्रभर प्रवास करून तपासणीला जाणं पहिल्या वर्षी होतं, नंतर चुकायला लागतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात आणि रक्त दरवर्षी तपासायचं असतं, ते इथेही होतं. रक्त द्यायला जाल त्याच आठवड्यात त्या माणसाचीही वेळ घ्या, आणि दुसऱ्या वर्षी तर वजन ठीक असलं तरी घ्या.