नदीमुखावरील लाट : एक अनुभव व अभ्यास

आमच्या येळ्ळूरला समुद्र नाही. राजहंसगडावर उभे राहून पाहिले तरी भाताची खाचरे आणि लांबवर बेळगाव शहर, एवढेच दिसते. तेव्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याच्या खेळावर, म्हणजे सर्फिंगवर, लेख का लिहावा, असे कोणीही विचारील. कारण इतकेच की गेल्या फेब्रुवारीत मी उडुपी जिल्ह्यातील कोडी बेंगरे येथे चार दिवस हा खेळ शिकून आलो, आणि जाण्यापूर्वी घरी जो वाद झाला त्यामुळे मला समुद्राचा थोडा अभ्यासही करावा लागला.

वाद आईशी झाला. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडून मरण पावले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पण ती बातमी आमच्या गल्लीत ज्या आवाजात सांगितली गेली तो आवाज मला आठवतो. “हिरीत पवायला येतंय म्हणून समुद्रात उतरतोस व्हय रे?” असे आईने विचारले. प्रश्न रास्त होता. विहीर निराळी आणि समुद्र निराळा, हे तिलाही ठाऊक होते व मलाही. पण निराळा म्हणजे नेमका कसा, हे दोघांनाही सांगता येत नव्हते.

कोडी बेंगरेची रचना पाहण्यासारखी आहे. सुवर्णा नदी समुद्राजवळ येऊनही सरळ त्यात शिरत नाही. ती किनाऱ्याला समांतर वाहत जाते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. त्या पट्टीवरच घरे, माड आणि रस्ता. टोकाशी मासेमारीच्या होड्यांचा धक्का आहे आणि समुद्रात शिरलेला दगडी बांध. आमचे शिक्षक नदीमुखास ‘अळिवे’ म्हणत. मी कन्नड बोलतो, तरी हा शब्द बेळगावात कधी ऐकला नव्हता. आमच्या भागात मलप्रभेचा उगम आहे, म्हादईचा उगम आहे. मुखे दुसऱ्यांच्या वाट्याला गेली, मग शब्द तरी कोठून येणार!

आता लाट का फुटते ते पाहू. खोल पाण्यात लाट मोकळेपणाने पुढे जाते. उथळात आली की तिचा पाय तळाला अडखळतो, वेग कमी होतो, उंची वाढते, आणि शेवटी माथा पुढे कलंडतो. साधारण एक मीटर उंचीची लाट सव्वा मीटरच्या आसपास खोलीत फुटते. नदी आपला गाळ आणि वाळू मुखाशी आणून टाकते, किनाऱ्यालगतचा प्रवाह त्यात भर घालतो, आणि पाण्याखाली वाळूचा बांध तयार होतो. तळाचा चढ तीव्र असेल तर लाट कमानीसारखी आपटते. चढ सौम्य असेल तर ती माथ्यावरून हळूहळू ढासळते आणि तिचा फेस बराच वेळ किनाऱ्याकडे सरकत राहतो. नवशिक्याला हा फेसच हवा असतो. शिवाय दगडी बांधाच्या आडोशाला एका बाजूचा वारा आणि लाटांचा मारा कमी होतो.

पहिले दोन दिवस मी केवळ पडलो. कमरेइतक्या पाण्यात नऊ फुटी मऊ फळीवर पालथे पडायचे, मागून फेस आला की हात मारायचे, आणि फळीने वेग घेतला की दोन्ही तळवे टेकून एका झटक्यात उभे राहायचे. सांगायला तीन वाक्ये लागतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उभा राहिलो, किती क्षण ते मोजले नाही. आजूबाजूची आठनऊ वर्षांची कोळ्यांची पोरे माझ्याकडे पाहून हसत होती, त्यावरून काय ते समजावे.

त्याच दिवशी माझी चूक झाली. शिक्षकांनी बांधापासून दूर राहण्यास बजावले होते. परंतु बांधाजवळचे पाणी मला शांत दिसले, लाटाही फुटत नव्हत्या. तेथून आत जाणे सोपे, असा हिशोब मी केला. पाच मिनिटांत किनारा लांब गेला. हात मारत होतो, पण जागचा हलत नव्हतो. शिट्टी ऐकू आली, शिक्षक हाताने ‘आडवा जा’ अशी खूण करीत होते. बांधापासून दूर, किनाऱ्याला समांतर हात मारत गेलो, तेव्हा फेसाच्या पट्ट्यात आलो आणि लाटेनेच मला बाहेर ढकलले.

नंतर वाळूवर बसलो असता मला आमचे खाचर आठवले. पावसात बांधावरून पाणी सगळीकडून आत येते, पण बाहेर पडते ते बांधाला जेथे खांड पडली असेल तेथूनच, आणि तेही जोराने. समुद्रात हेच घडते. लाटांनी वाळूच्या बांधापलीकडे लोटलेले पाणी परत जाण्यासाठी खांड शोधते, किंवा दगडी बांधाच्या कडेने वाट काढते. तेथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, आणि न फुटणारे गडद पाणी परक्या माणसाला सुरक्षित वाटते. हा ओढा जोरदार असला तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. त्याच्याविरुद्ध पोहून किनारा गाठू म्हणणारा दमतो आणि बुडतो. पण तो अरुंद असतो. म्हणून समोर नव्हे, आडवे पोहावे. तेवढे बळ नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. नदीमुखाशी आणखी एक गोष्ट आहे. ओहोटीत समुद्राचे पाणी उतरते व नदीचेही बाहेर पडते, दोन्ही ओढी एकाच दिशेच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर ती फारच वाढते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरून चालत नाही.

आम्हाला हिशेबशास्त्रात शिकवतात की एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होतात. मुखावरच्या वाळूचे तसेच आहे. ज्या वाळूमुळे मला लाट मिळाली त्याच वाळूवर होड्या अडकतात, कधी उलटतात. कोळी भरतीची वाट पाहत थांबतात आणि गाळ काढा म्हणून मागणी करतात. धक्क्यावर एका वृद्ध नावाड्यास मी विचारले, तर तो म्हणाला की तुमचा खेळ आमच्या खर्चावर चालतो. तो हसून म्हणाला, तरी मी वरमलो.

कर्नाटकात या खेळाचे मूळ ठाणे मुल्की. तेथे 2004 पासून सर्फिंग शिकवले जाऊ लागले; जवळच्या ससिहित्लूला 2016 मध्ये इंडियन ओपन स्पर्धा झाली. आता उडुपीपर्यंत किनाऱ्यावर शाळा निघाल्या आहेत. पावसाळ्यात मात्र नवशिक्याने समुद्राकडे फिरकू नये.

जुलैत रोप लावणीच्या वेळी बांधाला खांड पडली होती. मी आईला ती दाखवून, गवताची काडी सोडून, सारा प्रकार समजावला. काडी सरळ गेली नाही, कडेला फिरून मग खांडीत शिरली. आईने पुरते ऐकून घेतले, मग दोन फावडी चिखल टाकून खांड बुजवली, आणि म्हणाली, “परत जाशील तवा धाकट्याला न्यायचं न्हाई.”