बंद कार-ट्रेलर : आतली उंची कशी ठरवावी?

मोटार-बॉडी बांधण्याचा हुन्नर आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या हाती आहे. पत्रा, चौकोनी पाइप आणि वेल्डिंग यांवर कित्येक घरांची चूल पेटते. या धंद्यात एक प्रश्न नेहमी येतो आणि घाईत सुटतो. बंद बॉडीची आतली उंची किती ठेवायची? लांबी-रुंदीबद्दल गिऱ्हाईक दहा वेळा बोलते. उंचीबद्दल मात्र "अंदाजाने ठेवा" एवढेच सांगते. पुढे गाडी दारात अडली की दोष कारागिराच्या माथी येतो आणि मजुरीही अडकते. म्हणून आज आम्ही हाच विषय घेत आहोत. उदाहरण बंद कार-ट्रेलरचे घेतले आहे. परंतु हिशेबाची रीत टेम्पोच्या बंद बॉडीलाही लागू पडते.

बंद कार-ट्रेलर म्हणजे एका मोटारीमागे जोडून दुसरी मोटार आत घालून नेण्याची चाकांवरची पेटी. हा प्रकार अमेरिकेत चांगलाच रुळलेला आहे. शर्यतीच्या आणि जुन्या हौशी मोटारी तिकडे अशाच नेतात. तेथील तयार ट्रेलर बहुधा साडेआठ फूट रुंद असतात आणि आतली उंची सहा, साडेसहा किंवा सात फूट मिळते. आपल्याकडे कारखान्यातून शोरूमपर्यंत मोटारी नेणारे मोठे बंद ट्रेलर महामार्गावर रोज दिसतात. लहान बंद ट्रेलर मात्र क्वचित, मागणीनुसारच बांधले जातात. अशा वेळी समोर नमुना नसल्यामुळे चूक होण्याचा संभव अधिक.

पहिली गोष्ट ही की, आतली उंची आणि दाराची उंची एक नव्हे. दाराच्या चौकटीला वरून आडवी पट्टी लागते. दार खाली सोडण्याची स्प्रिंग आणि तार तिच्याजवळच बसतात. त्यामुळे मोकळी वाट आतल्या उंचीपेक्षा तीन-चार इंचांपासून सहा इंचांपर्यंत कमी भरते. गिऱ्हाईक आतली उंची विचारते, पण मोटार दारातून जाते. म्हणून हिशेब दारापासून सुरू करावा. आतली उंचीही पत्र्यापर्यंत मोजू नये. छताच्या आडव्या पट्ट्या, अस्तर आणि दिवा यांपैकी जे सर्वांत खाली असेल तेथपर्यंत मोजावी. छत गोलाईचे असेल तर कडेचे माप वेगळे घ्यावे.

आता मोटारीचे माप. मारुती स्विफ्टची उंची सुमारे पाच फूट आहे. मारुती ओम्नी, जिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले पण ज्या अजूनही रस्त्यावर आहेत, ती सुमारे पाच फूट साडेचार इंच आहे. महिंद्र बोलेरो सहा फूट दोन इंचांच्या घरात जाते. ही मापे नुसत्या मोटारीची आहेत. टपावर कॅरिअर असेल तर त्याची उंची वेगळी धरावी. ज्या मोटारी न्यायच्या आहेत त्यांतील सर्वांत उंच मोटार टेप लावून स्वतः मोजावी. पुस्तकातल्या आकड्यावर पत्रा कापू नये.

तिसरी गोष्ट चढाची. ट्रेलरचा तळ जमिनीपासून वीस इंच उंच आहे आणि मागचे दारच खाली पडून रॅम्प होते, असे समजू. मोटार चढताना तिरकी होते. साध्या मोटारीचे छत पुढच्या चाकांच्या मागे असते, त्यामुळे ते दाराखाली येईपर्यंत पुढची चाके आत सपाटीवर पोचलेली असतात आणि अडचण होत नाही. ओम्नीसारख्या सपाट तोंडाच्या व्हॅनचे तसे नाही. तिचे छत पुढच्या चाकांच्या वरपर्यंत आलेले असते. पुढची चाके रॅम्पच्या माथ्यावर आणि मागची जमिनीवर असताना तिच्या छताची पुढची कड नेहमीपेक्षा दोन-अडीच इंच जास्त जागा मागते. हा हिशेब आकड्यांत जमत नसेल तर गॅरेजच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाचे चित्र काढावे. जमीन, रॅम्प, तळ आणि दाराची वरची पट्टी आखून घ्यावी. पुठ्ठ्यावर मोटारीची बाजू कापून ती त्या रेषांवरून सरकवावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण महिन्याचे नुकसान वाचते.

येथेच उंचीचा एक लपलेला फायदाही लक्षात घ्यावा. दारच रॅम्प होत असल्यामुळे दार जितके उंच तितका रॅम्प लांब. सहा फुटी दाराचा रॅम्प वीस इंच चढतो तेव्हा चढ सुमारे सोळा अंशांचा होतो. सात फुटी दाराचा चौदा अंशांच्या आत येतो. बुटक्या मोटारीचे पोट घासण्याची भीती तेवढी कमी होते.

चौथे माप माणसाचे. मोटार आत गेल्यावर पट्टे आणि हूक लावायला माणूस आत शिरतो. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला बूट, टोपी आणि दिवा धरून सहा फूट मोकळी जागा तरी हवी. रोज वाकून काम केले तर पाठ धरते, आणि घाईने लावलेला पट्टा वाटेत सुटतो.

आता दोन हिशेब मांडून पाहू. ओम्नी साडेचौसष्ट इंच, चढाचे अडीच आणि वरची मोकळीक तीन, म्हणजे दार सत्तर इंच हवे. चौकटीचे चार इंच धरले तर आतली उंची चौऱ्याहत्तर इंच, म्हणजे सहा फूट दोन इंच होते. येथे साडेसहा फूट ठेवले की माणूसही सुखाने उभा राहतो. बोलेरोचे मात्र चौऱ्याहत्तर इंच आणि मोकळीक तीन, म्हणजे दारच सत्त्याहत्तर इंच लागते. साडेसहा फुटी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंची ट्रेलरचे दार बहात्तर-चौऱ्याहत्तर इंच भरते. आतल्या उंचीकडे पाहून बोलेरो बसेल असे वाटते, आणि ती दारातच अडते. तिला सात फूटच हवेत.

मग सर्वांनाच सात फूट का ठेवू नयेत? "एकदाच करतोय, उंच करून टाका," असे गिऱ्हाईक म्हणतेच. त्याला उंचीची किंमत समजावून सांगावी. साडेआठ फूट रुंद आणि वीस फूट लांब ट्रेलरची उंची अर्धा फूट वाढवली तर सोळा गेजचा पत्रा तीस-पस्तीस किलोच वाढतो. वजनाचा प्रश्न लहान आहे. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. समोरून सव्वाचार चौरस फूट आणि बाजूने दहा चौरस फूट क्षेत्र वाढते, तेही सर्वांत वरच्या टोकाला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी चाळीस किलोमीटरला न जाणवलेली उंची ऐंशीला डिझेल खाते, आणि पुलावर आडवा वारा लागला की ट्रेलर डोलू लागतो. ओढणारी मोटार हलकी असेल तर हे जिवावरचे काम आहे. उंची मिळाली म्हणून वर जड फळ्या आणि अवजारांची कपाटे टांगू नयेत. वजन नेहमी खाली ठेवावे.

बाहेरची उंचीही बेरजेत घ्यावी. तळ वीस इंच, आतली उंची अठ्ठ्याहत्तर आणि छताचे चार इंच मिळून साडेआठ फूट होतात. वर हवेची जाळी असेल तर ती वेगळी. हे माप रिकाम्या ट्रेलरवर घ्यावे, कारण रिकामा ट्रेलर स्प्रिंगवर वर उठलेला असतो. नंतर गिऱ्हाइकाच्या शेडचे दार, गल्लीतल्या तारा आणि नेहमीच्या वाटेवरचा रेल्वेखालचा बोगदा यांच्याशी ते ताडून पाहावे.

शेवटी कायद्याची बाजू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणून "आता साडेसहा ठेवू, लागले तर पुढे छत उचलू" हा विचार सोडून द्यावा. मंजूर आराखडा हाती आल्याशिवाय पाइप कापू नये.

कारागीर बांधवांना आमची सूचना एवढीच आहे. काम घेताना एका चिठ्ठीवर पाच मापे लिहावीत : सर्वांत उंच मोटार, दाराची मोकळी वाट, आतली उंची, जमिनीपासूनची एकूण उंची आणि ओढणारी मोटार कोणती. खाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी. तोंडी ठरलेल्या मापावर भांडण होते. लिहून ठेवलेल्या मापाने मजुरीही वेळेवर मिळते आणि पुढचे गिऱ्हाईकही येते.